कुंभकोणम्‌चे राजा सर टी. माधवराव

१८५५ साल दक्षिणेतील संस्थानांना मोठे कठीण गेले. त्या वर्षी तंजावरचे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून निवर्तले आणि व्यंकोजींनी स्थापिलेली गादी डलहौसीच्या धोरणाने खालसा झाली. त्याच वर्षी, कारभार सुधारला नाही तर त्रावणकोरचीही तीच गत होईल, असा इशारा त्रावणकोरच्या महाराजांना मिळाला. गादीला वारस देणे माणसाच्या हाती नसते. परंतु रिकामा खजिना भरणे असते. हे काम ज्याने केले, तो पुरुष कावेरीकाठच्या कुंभकोणम्‌चा, तंजावरी मराठी घराण्यातला होता.

माधवरावांचा जन्म १८२८ सालचा. नावामागील 'टी.' हे अक्षर तंजावरचे. वडील रंगराव व चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. मद्रासला पॉवेलसाहेबांच्या हाताखाली गणित व शास्त्रे शिकून हा तरुण अकौंटंट जनरलच्या कचेरीत लागला. तेथे त्याला जमाखर्चाची शिस्त लागली. १८४९ साली तो त्रावणकोरच्या राजपुत्रांचा शिक्षक झाला, आणि १८५८ साली, वयाच्या तिशीतच, दिवाण.

त्या वेळी खजिना रिता होता. नोकरांचे पगार थकले होते व कंपनी सरकारला द्यावयाची खंडणी चुकत नव्हती. अशा प्रसंगी सामान्य कारभारी नवे कर बसवितो. माधवरावांनी उलट मार्ग धरला. मिरीचा सरकारी मक्ता १८६० साली उठविला. तंबाखूचा मक्ताही मागाहून गेला व त्याजागी जकात आली. चढ्या भावाने चोरटा व्यापार पोसला जातो, माफक जकातीने उघडा व्यापार वाढतो, हे त्यांचे गणित होते. १८६५ साली ब्रिटिश मुलूख व कोचीन यांच्याशी करार होऊन सरहद्दीवरील जकातींचा जाच मिटला. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनीच्या कुळांना मालकी हक्क मिळाले. जमीन विकण्याची वा वारसाला देण्याची मोकळीक आली. कर्ज फिटले, रस्ते, शाळा व इस्पितळे यांसाठी पैसा उरू लागला.

परंतु कर्तबगारीला राजमर्जीची हमी नसते. ज्याला शिकविले त्याच महाराजांशी बेबनाव होऊन १८७२ साली ते पायउतार झाले. पुढे इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ साली ते बडोद्यास आले. मल्हारराव गायकवाड नुकतेच पदच्युत झाले होते व दत्तक आलेले सयाजीराव बारा वर्षांचे होते. तेथे वसूल इजारदारांच्या हाती व राज्याची देवघेव सावकारांच्या पेढ्यांवर. सावकाराला व्याज हवे असते, इजारदाराला नफा. रयतेचे हित पाहणारा मात्र कोणी नव्हता. माधवरावांनी इजारे बंद करून वसूल सरकारी अंमलदारांकडे दिला आणि सरदार, सावकार व जव्हेरी यांच्या जुन्या दाव्यांचा निकाल लावला. १८८१ साली सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली; त्याच वर्षअखेर महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. लौकरच माधवरावांनी बडोदे सोडले.

१८८७ साली मद्रासला राष्ट्रीय सभा भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. १८९१ साली ते वारले. तंजावरचे राज्य राहिले नाही. पण तेथील मराठी माणसाने दोन परक्या गाद्यांचे घर सावरले. खजिना ही राजाची मिळकत नसून रयतेची ठेव आहे, हाच त्यांच्या कारभाराचा धडा होय.