धनी बदलण्याचा अधिकार

नोकरी बदलणे ही आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते. पुण्याच्या कारखान्यातला कारागीर इंदुरास जातो, नागपूरच्या पेढीतला कारकून हैदराबादेस जातो. जुन्या मालकाकडे राजीनामा द्यावा, हिशेब चुकता करून घ्यावा आणि नव्या ठिकाणी रुजू व्हावे, एवढाच हा व्यवहार. नोकरी सोडलीस म्हणून आता देशही सोड, असे त्याला कोणी सांगत नाही. पण हाच माणूस समुद्रापलीकडे गेला की चित्र पालटते. तेथे त्याचा राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला असतो आणि ती नोकरी एका धन्याच्या नावाला. धनी सुटला की पायाखालची जमीनही सुटते. ही गाठ आजची नव्हे. आपल्या देशबांधवांच्या पायांत ती एकोणिसाव्या शतकातच कशी पडली होती आणि ती सोडवण्यासाठी काय काय करावे लागले, हे श्रोत्यांपुढे थोडक्यात मांडावे, असा माझा विचार आहे.

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर मिळेनात. तेव्हा हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या कराराने माणसे नेण्याची पद्धत सुरू झाली. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीच्या किनाऱ्याला अशा मजुरांचे पहिले जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी लागले. पुढील पन्नास वर्षांत सुमारे दीड लाख माणसे तेथे गेली. साधा नोकर न सांगता निघून गेला तर धन्याने त्याच्यावर दिवाणी दावा लावावा; गिरमिट्या मात्र तसाच निघून गेला तर तो फौजदारी गुन्हा ठरे आणि त्याला तुरुंगात जावे लागे. गिरमिटाचे सारे मर्म या एका फरकात होते.

१८९४ च्या सुमारास दरबान येथे बालसुंदरम नावाचा एक तमिळ गिरमिट्या मोहनदास गांधी या तरुण वकिलाच्या कचेरीत येऊन उभा राहिला. अंगावरचे कपडे फाटलेले, पुढचे दोन दात तुटलेले, तोंडातून रक्त येत असलेले आणि फेटा हातात. धन्याने त्याला बेदम मारले होते. गांधीजींनी आत्मकथेत ही हकीकत लिहिली आहे. कचेरीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या मारहाणीइतकेच पुढचे कागदी प्रकरणही विचार करायला लावते. धन्याला शिक्षा व्हावी यापेक्षा बालसुंदरमची त्याच्या तावडीतून सुटका व्हावी, हा गांधीजींचा हेतू होता. पण सुटका याचा अर्थ मोकळीक नव्हे. त्याचे गिरमिट दुसऱ्या धन्याच्या नावावर चढवणे, एवढाच व्यवहार्य मार्ग होता. त्यासाठी आधी जुन्या धन्याचे मन वळवावे लागले. मग गिरमिट्यांवर देखरेख करणाऱ्या ‘रक्षक’ नावाच्या अधिकाऱ्याला भेटावे लागले. नवा धनी तुम्हीच शोधून आणा, ही त्याची अट. हिंदी माणसाला गिरमिट्या ठेवता येत नसे, म्हणून नवा धनी गोराच हवा. गांधीजींच्या ओळखीचे गोरे थोडे; त्यांतला एक तयार झाला, तेव्हा हे काम तडीस गेले. ज्याचे दात पडले होते, त्याला मात्र आपल्या पायांनी एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाण्याची मुभा नव्हती.

करार संपल्यावर तरी माणूस मोकळा व्हावा, तर १८९५ साली नाताळच्या कायद्याने त्याचीही वाट अडवली. मुदत भरल्यावर त्याने परत जावे, नाही तर पुन्हा गिरमिट लिहून द्यावे. दोन्ही नको असेल तर दरसाल तीन पौंड कर भरावा. राहायचे तर बांधलेलेच राहा, हा त्याचा सरळ अर्थ होता.

या पद्धतीविरुद्ध वरिष्ठ कायदे कौन्सिलात उभे राहिले ते रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव त्यांनी १९१० साली मांडला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी सर्वच वसाहतींतील गिरमिट बंद करण्याचा ठराव आणला. सरकारी मतांपुढे तो टिकला नाही. त्याच वर्षी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. तीन पौंडांचा कर १९१४ साली रद्द झाला, १९१७ साली गिरमिटाची भरती बंद पडली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजी बेटांतील उरलेले करारही रद्द झाले. हा शेवट पाहायला गोखले राहिले नाहीत. १९१५ सालीच त्यांचे देहावसान झाले होते.

गिरमिट गेले, पण परवान्यावर धन्याचे नाव लिहिण्याची रीत गेली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलामुळे आखाती देशांत पैसा आला आणि रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष तिकडे गेले. तेथे त्यांची गाठ पडली ती ‘कफील’शी, म्हणजे जामीनदार धन्याशी. त्याच्या संमतीपत्रावाचून दुसरी नोकरी धरता येत नसे आणि न सांगता निघून गेलेल्याची नोंद ‘फरारी’ अशी होई. संमतीपत्राची ही अट कतारने २०२० साली काढली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून एक वर्ष नोकरी झालेल्यांसाठी ती सैल केली. परंतु घरगडी, मोलकरणी आणि शेतमजूर यांना त्यातून वगळले. ज्यांना गरज सर्वांत अधिक, तेच पुन्हा बाहेर राहिले.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या अभियंत्यांची स्थिती निराळी. त्यांना गिरमिट्ये म्हणणे हा बालसुंदरमचा अपमान होईल. तरीही १९९० च्या कायद्याने सुरू झालेला त्यांचा ‘एच-१बी’ व्हिसा मालकाच्या अर्जावरच मिळतो. नव्या मालकाचा अर्ज मंजूर होईपर्यंत नवे काम सुरू करता येत नसे. २००० सालच्या कायद्याने, असा अर्ज रीतसर दाखल होताच कामावर रुजू होण्याची मुभा दिली. नोकरी गेलेल्याला देशात राहण्यासाठी साठ दिवसांपर्यंतची सवलत मिळाली, ती २०१७ सालच्या नियमाने. संसार, मुलांची शाळा, घराचे भाडे हे सारे त्या साठ दिवसांत तोलायचे असते.

परदेशी निघालेला माणूस पगाराचा आकडा दहादा वाचतो. त्याच कागदपत्रांतून त्याने आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: हा धनी सोडावा लागला, तर मला किती दिवस राहता येईल आणि कोणाच्या संमतीने दुसरीकडे जाता येईल? धनी चांगला असेपर्यंत या प्रश्नाची आठवणही होत नाही. तो वाईट निघाला, म्हणजे मात्र पगाराच्या आकड्यापेक्षा याच उत्तरावर सारे अवलंबून असते.