सिमेंट वाळत नाही

इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ एडिस्टन खडकावर दीपगृह बांधायचे होते, म्हणून १७५६ मध्ये जॉन स्मीटनने निरनिराळे चुने तपासले. चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, असे त्याला आढळले. १८२४ मध्ये लीड्सचा गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन याने चुनखडी व चिकणमाती भाजून केलेल्या पुडीचे पेटंट घेतले. घट्ट झाल्यावर ती पोर्टलंडच्या दगडासारखी दिसे, म्हणून नाव पडले ‘पोर्टलंड सिमेंट’.

साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. सिमेंट मात्र पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन. तेव्हा ‘सिमेंट वाळले’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. स्लॅब खरोखरच लवकर वाळला, तर ही क्रिया अर्धवट राहते आणि स्लॅब कच्चा राहतो. म्हणूनच गवंडी किमान आठवडाभर त्यावर पाणी साठवून ठेवतात.