कुलपाआडची घरं

आजीच्या गोष्टींत राजा-राणी फारसे नसत. चाळमालक, त्याचे मेहताजी आणि भाडेपावत्या असत. दुसऱ्या महायुद्धाआधी गिरगावात खोली शोधायची म्हणजे संध्याकाळी माना वर करून फिरायचं, ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या वाचायच्या. आजोबांनी दोन खोल्या चक्क नापसंत केल्या होत्या, हे ती ठसक्यात सांगे.

मग युद्धात शहर माणसांनी फुगलं, फाळणीनंतर आणखी. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली. आमचं मूळ भाडं अकरा रुपये. भाडेकरूला ऊठसूट बाहेर काढता येईना, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! पण आमच्या मालकाचा मागच्या मोकळ्या जागेत दुसरी चाळ बांधायचा बेत होता. वाळूसुद्धा येऊन पडली होती. ती पोरांच्या दिवाळीतल्या किल्ल्यांत संपली. अकरा रुपयांत तो बिचारा जिन्याच्या पायऱ्याही बदलीना. बिचारा तरी कसं म्हणू? खोली हस्तांतरित होताना पागडी घ्यायला तोच पुढे. 1969मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. उपकर आला, टेकू आले.

भाड्यासाठी बांधणं थांबलं ते एकट्या कायद्यामुळे नव्हे. मालकी फ्लॅट विकला की बिल्डरचा पैसा लगेच मोकळा होतो, भाड्यात तो वर्षानुवर्षं अडकतो. तरी अडकलेला पैसा वाढतच नसेल, तर अडकवील कोण? 2000पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. मूळ अकरा रुपयांवर हिशोब केला तर चव्वेचाळीस पैसे.

माझ्या मते मोठा घाव 1973चा. 1 फेब्रुवारीला जो लीव्ह अँड लायसन्सवर राहत होता, तो भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने एका झटक्यात भाडेकरू ठरला. ज्यांचे ब्लॉक रिकामे होते त्यांनी कुलपं घातली. आत्याचा दादरचा ब्लॉक असाच बंद. त्याच सुमारास गिरगावच्या खोलीत तीन भावांचे संसार मावेनात, म्हणून वडील डोंबिवलीला घर बघत होते. त्यांनी किल्ली मागितली तेव्हा आत्या म्हणाली, “भाडं घेतलं तर उद्या तू भाडेकरू होशील, आणि फुकट ठेवायला तुझे भावोजी तयार नाहीत.”