अफवेच्या मुळाशी

सुरतेहून बडोद्याकडे निघालेली गाडी उतराण मागे टाकते, तेव्हा कोसाडचे लहानसे स्थानक लागते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि लक्षावधी माणसे मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या वाटेने शहराबाहेर पडली. त्यांत खानदेशातून पोटासाठी आलेले मराठी कामगारही होते. या धामधुमीत एक अफवा कानोकानी झाली : पिण्याच्या पाण्यात कोणीतरी विष कालविले आहे. डिसेंबर १९९२ मध्ये या शहराने भीषण दंगल पाहिली होती. शेजाऱ्यावरचा विश्वास आधीच उडालेला. मग विषाची कल्पना खोटी वाटावी कशी?

प्लेग आणि संशय यांची जोडी या किनाऱ्याला नवी नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू असताना राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. त्याचा सूड म्हणून आर्थर रोडच्या रुग्णालयात रोग्यांना मारतात, त्यांच्या देहांतून मोमियाई काढतात, असे लोक बोलू लागले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. अडाण्यांचा खुळेपणा म्हणून हे हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु तेथे नेलेला माणूस बहुधा परतत नसे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अनुभव खरा होता. अनुमान तेवढे खोटे होते.

पुढल्याच वर्षी पुण्यात रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर देवघरांपर्यंत शिरले. अशा सरकारची लस कोण निःशंकपणे टोचून घेणार? हाफकिनने ती १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. तथापि १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे दूषित लशीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले आणि संशयाला आयताच पुरावा मिळाला.

युरोपातही १३४८ मध्ये यहुद्यांनी विहिरींत विष टाकल्याची आवई उठली. यहुदीही त्याच रोगाने मरत आहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी फर्मान काढून सांगितले. तरी १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो यहुदी जाळले गेलेच. नुसत्या खुलाशाची धाव एवढीच!

सुरतेत १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अफवांशी वाद घातला नाही. अधिकाऱ्यांना खोल्यांतून उठवून रोज गल्लीबोळांत पाठविले, कचरा उचलविला, गटारे उपसविली. आणि हे काम लोकांच्या दारासमोर, त्यांच्या देखत होत होते.