दोन किरणांमधील दरी

शेगडीपासून येणारी ऊब आणि आपल्या रेडिओपर्यंत येणाऱ्या लहरी या एकाच कुळांतील होत. भेद केवळ लांबीचा. परंतु या कुळाच्या दोन शाखांमध्यें एक दरी होती. ती कशी ओलांडली गेली, हें आज सांगावयाचें आहे.

दरीच्या एका काठावर कलकत्त्याचे जगदीशचंद्र बोस होते. १८९५ च्या सुमारास त्यांनीं अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या विद्युल्लहरी निर्माण केल्या. पुढें १८९८ सालीं पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून जातांना या लहरींचें ध्रुवणप्रतल फिरतें, हेंही त्यांनीं दाखविलें. दुसऱ्या काठावर बर्लिनचे हाइनरिख रूबेन्स होते. त्यांनीं उष्णतेच्या दीर्घ लहरी वेगळ्या काढून मोजल्या. तीं मोजमापें वीनच्या सूत्राशीं जुळेनात. ७ ऑक्टोबर १९०० रोजीं त्यांनीं ही गोष्ट माक्स प्लांक यांना घरीं जाऊन सांगितली. त्याच महिन्यांत प्लांक यांनीं नवें सूत्र मांडलें, आणि त्याच्या समर्थनांतून पुंजवादाचा जन्म झाला. ओसाड समजल्या जाणाऱ्या प्रदेशानें भौतिकशास्त्राचा पाया हलविला तो असा!

१९२३ सालीं अमेरिकेंत निकल्स व टिअर यांनीं हे दोन काठ जोडले. पुढल्याच वर्षीं वॉशिंग्टन येथें विद्वानांपुढें हाच विषय मांडीत असतां निकल्स यांना मृत्यूनें गांठलें. काठ जुळले खरे, पण तेथें प्रखर दीप लावणें कोणास साधेना.

तो मार्ग लेसरनें दाखविला. १९६० सालीं लेसर आला आणि १९६२ सालीं असें दिसून आलें कीं, विशिष्ट स्फटिकांतून तीव्र प्रकाश जातांना त्यांतील विद्युद्भार एका बाजूस किंचित् झुकतो. प्रकाशाचा स्पंद शंभरेक फेम्टोसेकंदच टिकणारा असेल, तर हें झुकणेंही तेवढ्याच अवधींत होऊन ओसरतें आणि त्यांतून टेराहर्ट्झ लहर उठते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाचा दहा लाखावा भाग! स्पंद जितका आंखूड, तितका लहरींचा पट्टा रुंद.

१९९२ सालीं ‘डास्ट’ नामक सेंद्रिय स्फटिकानें हें कार्य उत्तम रीतीनें केलें. मात्र स्फटिकांत प्रकाश व नवजात लहर यांनीं बरोबरीनें चाललें पाहिजे. ‘डास्ट’मध्यें हें सुमारें दीड मायक्रॉन लांबीच्या प्रकाशास साधतें, आणि दूरध्वनीच्या कांचतंतूंसाठीं विकसित झालेल्या अर्बियमयुक्त तंतूंचा लेसर नेमका तोच प्रकाश देतो. स्फटिकाचा दोष एवढाच कीं, १.१ टेराहर्ट्झच्या आसपास त्याचे स्वतःचे रेणू लहर गिळून टाकतात. म्हणून त्याच्या भावंडांचाही शोध झाला.

आज अशा लहरींनीं औषधी गोळीवरील लेपाची जाडी गोळी न फोडतां मोजतां येते. बोस यांचा ताग आणि आजचा कांचतंतु यांमध्यें शंभराहून अधिक वर्षें आहेत. पण ज्या प्रदेशाचा उपयोग कोणास दिसत नव्हता, त्याच्याकडे पाठ न फिरविणाऱ्यांची परंपरा मात्र एकच आहे.