लावणीच्या कुळातील बारामती

पायांत चाळ बांधून स्त्रीने नाचत सादर केलेली लावणी आज महाराष्ट्राची ओळख मानली जात असली, तरी तिच्या कुळकथेतील एक महत्त्वाचे वळण बारामतीसारख्या कीर्तन-पुराणांच्या गावी आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. आर्या या मात्रावृत्तात सबंध महाभारत उतरविणारे पंडितकवी मोरोपंत (1729–1794) हे बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने बारामतीत राहत होते. सोलापूरच्या ब्राह्मण घरातून बाहेर पडून तमाशाच्या फडात, म्हणजे गाणारे, नाचणारे व वाजविणारे यांच्या संचात, शिरलेला शाहीर राम जोशी त्यांच्या सहवासात आला आणि त्यांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळला, असे परंपरा सांगते.  पंडितकवी आणि शाहीर यांच्यात दुरावा होता तो प्रतिष्ठेचा.

या वळणाकडे पश्चात्तापाची गोष्ट म्हणून पाहण्याची रूढी आहे. परंतु ती एकांगी वाटते. संस्कृतचे अध्ययन केलेल्या राम जोशीने लावणीला शब्दकळा व ताल यांची जी श्रीमंती दिली, तिच्याच बळावर त्याने कीर्तनातून मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या, म्हणजे पंडितकाव्याच्या प्रसाराला फडात कमावलेले कसबच उपयोगी पडले.

लावणीतील नृत्याचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने जातो. राम जोशीच्या फडाशी बयाबाई या कलावंतिणीचे नाव जोडले जात असले, तरी ढोलकीच्या फडात स्त्रीवेषातील पुरुषाने, म्हणजे नाच्याने, नाचण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली. पुढे पठ्ठे बापूराव (1866–1945) यांच्या फडातील पवळा हिला तमाशातील आद्य स्त्री-नर्तकींत गणले जाते. बापूरावही ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातील, म्हणजे घर सोडण्याची जुनीच कथा येथे नव्याने घडली.

1947 साली राजकमल या चित्रसंस्थेच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटात जयराम शिलेदार राम जोशी झाले आणि हंसा वाडकर बया झाल्या. या चित्रपटाच्या यशानंतर मराठीत तमाशापटांची लाटच आली, तिने ढोलकीवरचे नृत्य पडद्याच्या मध्यभागी आणले, आणि शाहिराच्या आयुष्यातला कीर्तनाचा अध्याय लोकस्मृतीत मागे पडत गेला.