पाच लाख चोवीस हजार दोनशे सत्याऐंशी

दोनाचा एकोणिसावा घात, वजा एक: ५,२४,२८७. ही मूळ संख्या आहे. तपासायचे तर ७२४ पर्यंतच्या १२८ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ही हमाली १५८८ मध्ये इटलीच्या कातालदीने केली आणि श्रेयही त्यालाच मिळाले.

पण ११९४ साली जन्मलेल्या इस्माईल इब्न फल्लूसच्या ग्रंथात दहा 'परिपूर्ण' संख्यांचा तक्ता आहे. ६ चे भाजक १, २, ३. बेरीज पुन्हा ६, म्हणून ती परिपूर्ण. तक्त्यातली सातवी संख्या आहे १३,७४३ कोटी ८६ लाख ९१ हजार ३२८. ती मिळते २,६२,१४४ ला ५,२४,२८७ ने गुणून, आणि हा दुसरा आकडा मूळ असेल तरच ती परिपूर्ण ठरते. पहिल्या सातही संख्या बरोबर आहेत.

असे काही सापडले की आपल्याकडे 'सगळे आमच्याच पूर्वजांनी शोधले' असा मेसेज फिरू लागतो. तो पुढे पाठवण्याआधी तक्ता शेवटपर्यंत वाचावा. आठवी, नववी आणि दहावी संख्या चुकीची आहे. शिवाय नियम मुळात युक्लिडचा, आणि इब्न फल्लूस लिहीत होता तो ग्रीक निकोमाकसच्या आधाराने.

कातालदीही पुढे घसरलाच. २३, २९, ३१ आणि ३७ या घातांनीही मूळ संख्या मिळतात, असे त्याने ठोकून दिले. त्यातला ३१ तेवढा खरा निघाला, तोही १७७२ मध्ये ऑयलरने दाखवून दिल्यावर.